हिल्काला कामाची सवय लावतात

गुरुवार होता, म्हणजे शाळेत वाटाण्याचं सूप आणि वर जाड गोड धिरडं. हिल्काने हे सूप शाळेच्या याच स्वयंपाकघरात अर्धं आयुष्य शिजवलं होतं. मग नगरपालिकेने काटकसर काढली आणि तिला घरी बसवलं.

घरी बसणं सोपं नसतं. पहिल्या हिवाळ्यात तिने अर्ज केले. दुसऱ्या हिवाळ्यात चर्चमधल्या प्रार्थनेनंतरच्या कॉफीला थांबणं सोडलं, कारण कुणीतरी मायेने विचारायचंच, काही काम लागलं का हाताला? पुढे पुढे ती दुकानातही ओळखीचं कुणी नसेल अशाच वेळी जाऊ लागली. देवाजवळचं मागणंही थकलं. नुसती हात जोडून बसायची.

अशा माणसांची कामाची सवय मोडते, असं रोजगार कचेरीचं म्हणणं. म्हणून त्यांना पुनर्वसनाला धाडतात. काम पुरं, पगार नाही. येण्याजाण्यापुरतं काहीतरी हातावर ठेवतात. नाही म्हटलं तर बेकारभत्ता थांबतो. हिल्काला धाडलं ते थेट तिच्याच स्वयंपाकघरात.

तिला काम शिकवायला नेमली होती सेन्या. या पोरीला हिल्कानेच एके काळी इथे सूप वाढलं होतं. नियमाप्रमाणे एकेक वस्तू दाखवताना सेन्याचे कान लाल झाले.

"हिल्काबाई, हे... हे ओगराळं. यानं सूप वाढायचं."

"असं होय. मला वाटलं, केस विंचरायचे."

दोघी हसल्या. मग भांडी विसळताना सेन्या पाठमोरी बोलली. तिचा करार नाताळला संपत होता आणि तो वाढणार नव्हता. फुकटचे हात मिळताहेत तर पगारी कशाला, असं वरून कळवलं होतं.

"तुमचा दोष नाही हो," ती म्हणाली. ते हिल्काला जास्त लागलं.

हिल्काचा नवरा आर्ने कागदाची गिरणी बंद पडल्यापासून खिडकीशीच बसलेला असे. संध्याकाळी हिल्काने सगळं सांगितलं, जाणं सोडावंसं वाटतं म्हणाली. त्याने विचारलं, भत्ता गेला तर घर ऊबदार कसं ठेवायचं? मग म्हणाला, "तू नाही गेलीस तर दुसरी जाईल. त्यांना काय तोटा? सगळं गाव रिकामं बसलंय."

हे खोटं नव्हतं. हिल्काने बटाटे सोलले, आणि जेवणाआधी दोघांनी प्रार्थनेला माना लववल्या.

काही दिवसांनी कचेरीतला सांतेरी प्रगती पाहायला आला. गोड बोलणारा, मुलाच्या वयाचा. सवय छान परत येतेय, मुदत वाढवू या, म्हणाला.

हिल्काने हात पुसले.

"सवय गेली नव्हती, बाळा. काम गेलं होतं. तुम्हीच नेलंत." तिचा आवाज चढला नाही. "पगार देऊन बोलवा, उद्या पहाटे येते. फुकट उभी राहून या पोरीची जागा खाणार नाही."

"मला भत्ता थांबवावा लागेल."

"लागेल तर थांबव."

नाताळ झाला. सेन्याची नोकरी काही वाचली नाही. नव्या वर्षात शेजारच्या शाळेतून काढलेली रित्वा तिथे पुनर्वसनाला येणार, असं कळलं. ती यायची त्या सकाळी हिल्का बर्फ तुडवत गेली आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभी राहिली. थोड्या वेळाने आर्नेही आला, टोपी कानांवर ओढून, आणि शेजारी थांबला.

रित्वा आली. दोघांना पाहून बिचकली.

"आत जा नाहीतर परत फीर, मी काही म्हणणार नाही," हिल्का हळूच म्हणाली. "पण तू कुणाच्या जागी उभी राहणार आहेस, तेवढं ऐकून जा."