सुरकुत्या घालायचं पुस्तक

"नातू का हो तुमचा, आजी? किती कोवळ्या वयात गेला!"

शेजारणीची नवी सून माझ्या वडिलांच्या श्राद्धाला उदबत्ती लावायला आली होती. पूर्वजांच्या देव्हाऱ्यातल्या फोटोकडे बघून ती हे बोलून गेली. तिची तरी काय चूक? फोटोत सत्तावीस वर्षांचा तरणाताठा माणूस आणि त्याच्याखाली टेकून बसलेली माझी आई पंच्याऐंशीची. आई पाहुण्यांना केळीच्या पानातला भात वाढत राहिली. सगळे गेल्यावर मात्र तिने मला हाक मारली.

"थोआ, मी मेले की माझा फोटो याच्याच शेजारी लावणार ना?"

"मग काय दारात लावू?"

"म्हणजे लोक म्हणणार, आजी-नातू दोघं एकदम कसे गेले."

मला हसू आलं. ती हसली नाही.

"हसतेस काय? आणि वर गेल्यावर मी त्याला अहो म्हणू की अरे म्हणू? तोच मला आजी समजून हाताला धरून रस्ता पार करून द्यायचा."

आमच्या सादेक गावात म्हाताऱ्या माणसांनी देव्हाऱ्यातला आपला फोटो जिवंतपणीच काढून ठेवायची रीत आहे. आईच्या सगळ्या मैत्रिणींचे फोटो केव्हाच तयार होते. एक जण तर आपला फोटो पलंगाखालून काढून दर महिन्याला पुसायची. फोटोसाठी आईचा तपकिरी मखमलीचा झगाही शिवून तयार होता. पण आता तिने हट्टच धरला. आधी याला म्हातारा कर, याच्या शेजारी मला शोभू दे, मग माझा फोटो काढ. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय फार थकलंय, एखादं वर्ष धरून चाला. मध्येच काही झालं असतं तर देव्हाऱ्यात तिचा ओळखपत्रावरचा फोटो लावावा लागला असता, आणि त्यात ती नुकतीच पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते. आईने त्या चेहऱ्याने कायमचं बसायचं, ही कल्पनाच मला सहन होईना.

पहिल्यांदा मी तोआनच्या फोटो स्टुडिओत गेले. तोआन माझाच विद्यार्थी, म्हणजे अर्धं गावच माझ्या हातचं. चौथीत त्याचे पाढे कच्चे होते.

"बाई, सुरकुत्या काढून देतो ना, पाच मिनिटांत," तो म्हणाला. "नवरीच्या आजीला मी परवा नवरीपेक्षा तरुण केली. पण घालायच्या? तसं कधी कोणी मागितलंच नाही हो."

तरी त्याने प्रयत्न केला. केस पांढरे केले, भुवया पांढऱ्या केल्या. माझे वडील पिठाच्या गिरणीत कामाला असल्यासारखे दिसायला लागले. मी म्हटलं, "तोआन, राहू दे. तुझ्याच्याने व्हायचं नाही." त्याला वाईट वाटलं, पण मला पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला पीठ दाखवायचं नव्हतं. मी घरी येता येताच ठरवलं की हे आपणच शिकायचं. माझ्या मुलाचा जुना संगणक घरात धूळ खात पडला होता.

बाजारपेठेतल्या पुस्तकांच्या दुकानात क्वेन बसते. तीही माझीच विद्यार्थिनी, पण हुशार.

"क्वेन, फोटोशॉपचं पुस्तक दाखव. सुरकुत्या घालायच्यात."

"घालवायच्या ना, बाई? हे घ्या, हे छान आहे."

"घालवायच्या नाहीत गं! घालायच्या! वाढवायच्या!"

क्वेनने माझ्याकडे असं पाहिलं की हिला ऊन लागलंय की काय. "बाई, अहो, सुरकुत्या विकत कोण घेतं?"

तिने माझ्यासमोर तीन पुस्तकं मांडली आणि बसायला प्लास्टिकचं स्टूल दिलं. तेहेतीस वर्षं गणित शिकवल्यावर वाईट पाठ्यपुस्तक मला चार पानांत ओळखू येतं. पहिलं विटेएवढं जाड. त्यात एक गोरी मुलगी आधी डोंगरावर, मग समुद्रावर, मग चंद्रावर उभी केली होती. चंद्रावर जायचं काम मला नव्हतं. दुसरं बारीकसं, जुने फोटो दुरुस्त करण्याचं. ते हातात घेताना मला फार आशा वाटली. पण छपाई सगळी काळीपांढरी, आणि मजकुरात "आता लाल खुणेवर दाबा", "आता हिरवी खूण पाहा." चित्रात सगळ्या खुणा काळ्याकुट्ट. ज्याने हे छापलं त्याला अंगठे धरून उभं केलं पाहिजे, असं मी मोठ्यानेच बोलले.

तिसरं लग्नाच्या अल्बमवाल्यांचं. पानापानावर नवऱ्या, पुटकुळ्या घालवा, हनुवटी निमुळती करा, रंग उजळ करा. मी ते बाजूला सरकवलं. असली पुस्तकं वाचूनच आमच्या गावातल्या नवऱ्या आपल्याच अल्बममध्ये ओळखू येईनाशा झाल्यात.

"बाई, हेच सगळ्यात खपतं," क्वेन म्हणाली.

"खपू दे. मला सासू-सुनेला एका वयाचं करायचं नाहीये."

"मग नक्की काय करायचंय, सांगा तरी."

मी तिला आईचं सगळं सांगितलं. आजी आणि नातू, अहो आणि अरे. क्वेन आधी हसली आणि मग एकदम हसायची थांबली. तिची सासू गेल्याच वर्षी गेली होती. मग तिने ते लग्नाचं पुस्तक परत माझ्या मांडीवर ठेवलं.

"बाई, ज्याला एवढ्या बारकाईने घालवता येतात, त्याला सुरकुती कशी बसते तेही ठाऊक असणारच ना? जरा वाचून तरी बघा."

मी पाचवं प्रकरण उघडलं. चौदा पानं फक्त सुरकुत्यांवर. कपाळाच्या वेगळ्या, डोळ्यांच्या कडेच्या वेगळ्या, नाकापासून ओठापर्यंतची घडी वेगळी. कुठे सावली पडते, कुठे उजेड, सगळं रंगीत चित्रांत. चांगल्या कातडीवर टिचकी मारून तिचा नमुना उचलायचा आणि तो सुरकुतीवर फिरवायचा. मी स्टुलावर ताठ बसले. अगं बाई, हे तर वजाबाकीचं उदाहरण! इथून उचलून तिथे ठेवतात, मग तिथून उचलून इथे का नाही ठेवायचं? शिवाय प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी "तुमचं असं बिघडलं असेल तर" म्हणून एक चौकट होती. विद्यार्थी चुकणार हे ज्याला माहीत असतं, तोच खरा मास्तर. मी ते पुस्तक घेतलं आणि क्वेनला म्हटलं, "तुला तेव्हा पैकीच्या पैकी उगाच देत नव्हते मी."

घरी रोज सकाळी बाजार करून आले की मी संगणकासमोर बसायची. आई खांबांना बांधलेल्या दोरीच्या झोळीत पडून विचारायची, "किती वर्षांचा झाला?" मी सांगायची, "अजून सत्तावीसच आहे." आणि खरंच तो सत्तावीसच होता, कारण माझं काम पुढे सरकतच नव्हतं. काल केलेलं सगळं आज गायब! तीन दिवस हेच चाललं. मी चिडून क्वेनला फोन केला.

"कसलं पुस्तक दिलंस गं? रोज पहिल्यापासून करावं लागतंय."

"बाई, तुम्ही नक्की काय करता?"

"पुस्तक सांगतं तेच. वरचा लप बंद करा आणि पुढे पाहा, असं लिहिलंय. मी बंद करते आणि पुढचं पान बघते."

"काय बंद करता?"

"वर्ग बंद करते! संगणक बंद करून स्वयंपाकाला जाते."

पलीकडे क्वेन अशी हसली की तिला खोकला आला. आमच्या भाषेत शाळेच्या वर्गालाही लप म्हणतात आणि एकावर एक चढवलेल्या थरालाही लपच. मी जन्मभर वर्ग उघडले आणि वर्ग बंद केले, मला दुसरा अर्थ सुचणार कुठून? मला वाटलं, लेखक शिस्तीचा आहे, रोज शाळा सोडतो.

"बाई, ते थर! केकचे थर असतात ना, तसे! वरचा थर नुसता झाकायचा, म्हणजे खालचा दिसतो. आणि उठण्याआधी काम साठवून ठेवायचं."

मलाही हसू आवरेना. पण तीन दिवस फुकट गेले होते, आणि त्या आठवड्यात आईचे पाय सुजले. उदबत्ती लावायला ती देव्हाऱ्यापर्यंत स्वतः जायची, ते बंद झालं. माझं हसू तिथेच संपलं.

थरांचं कोडं सुटल्यावर हात भराभर चालायला लागला. आता सुरकुत्या कुणाच्या घ्यायच्या हा प्रश्न आला. मी मामाचा म्हातारपणीचा फोटो घेतला आणि त्याचं कपाळ वडिलांना लावलं. मामा जन्मभर कुरकुर करत जगला, त्याची ती कुरकुर जशीच्या तशी वडिलांच्या चेहऱ्यावर उतरली. मग शेजारच्या दुकानदाराचे गाल घेतले. ते लोंबत होते ते दुकानदारासारखेच. बिघडलं तर काय करायचं त्या चौकटीत लिहिलं होतं: कातडी त्याच माणसाची घ्या, दुसऱ्याची लगेच ओळखू येते.

त्याच माणसाची कुठून आणू? विटा वाहून नेणारी होडी वादळात उलटून तो बुडाला, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि मी सात महिन्यांची. त्याचा एवढा एकच फोटो, कुठल्याशा दाखल्यावरून सोडवलेला, कॉलरवर अर्धा गोल शिक्का. मला त्याचा आवाज माहीत नाही, चाल माहीत नाही. खरं सांगायचं तर मला त्याची कधी आठवणही आली नव्हती, कारण आठवायला काही नव्हतंच. आठवण आईची होती, मी फक्त उदबत्ती लावायची.

पण त्याच माणसाची म्हटलं तर जगात एक कातडी होती. मी खिडकीत त्याच्यासारखीच मान वळवून बसले आणि फोनवर माझाच फोटो काढला. बासष्ट वर्षांचं कपाळ, डोळ्यांच्या कडा, नाकापासून ओठापर्यंत गेलेल्या दोन घड्या. मी माझी एक घडी उचलून त्याच्या नाकापाशी ठेवली, आणि ती बसली हो! अगदी आपल्या जागी बसली. मी दुसरी ठेवली, तीही बसली. कपाळ बसलं, गळ्याच्या रेषा बसल्या. मी हळूहळू सगळी उचलून त्याला देत गेले आणि माझ्यासमोर एक म्हातारा तयार होत गेला. त्या सकाळी पहिल्यांदा माझ्या तोंडून "बाबा" असा शब्द निघाला, आणि मी घाबरून मागे वळून पाहिलं की आईने ऐकलं तर नाही ना.

तोआनने फोटो मोठा करून दिला. "बाई, हे तुम्ही केलंत?" एवढंच तो म्हणाला. मी दुपारी जेवणाआधी फोटो आईच्या हातात दिला आणि तिचा चष्मा पुसून दिला. परीक्षेचा निकाल मी हजारदा दिला असेन, स्वतःचा निकाल घ्यायची सवय नव्हती.

आईने फोटो जवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला. आणि मग खुदकन हसली.

"अगं, ही तर तू! पुरुषांसारखे केस कापलेली तू!"

पाच आठवडे फुकट! मी म्हटलं, "आण इकडे, फाडून टाकते. पुन्हा करते."

"थांब." तिने फोटो छातीशी धरला. "हात लावशील तर बघ."

ती माझ्याकडे बघायला लागली. मग फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. झोळीतून हात लांब करून तिने अंगठा माझ्या नाकाशेजारच्या घडीवरून ओठापर्यंत फिरवला, तसाच फोटोवरून फिरवला.

"हा असा झाला असता," ती म्हणाली. "म्हातारा कसा दिसला असता, कसा बसला असता, याचा विचार करून करून मी बासष्ट वर्षं जीव जाळला. आणि हा मेला रोज माझ्यासमोर बसून माशाचे काटे काढून देत होता मला."

तिने फोटो उशाशी ठेवला आणि मखमलीचा झगा उद्या उन्हात टाक म्हणाली, तोआनला परवा बोलाव म्हणाली. मग जेवायला वाढ म्हणाली. मी भात वाढला, मडक्यातला मासा वाढला, आणि काटे काढायला तिचं ताट नेहमीसारखं माझ्या पुढ्यात ओढलं. पण त्या दिवशी मला एकही काटा दिसेना, डोळे सारखे भरून येत होते. शेवटी आईनेच ताट आपल्याकडे घेतलं आणि काटे काढून मला भरवायला लागली.