हेर होल्म आणि कापलेलं तात्पर्य

"खालच्या हेर होल्मना काहीही वाचायला देऊ नका," हॅम्बर्गच्या घरात राहायला आलो त्याच आठवड्यात शेजारच्या फ्राऊ ल्युडर्सनी मला जिन्यात गाठून बजावलं होतं. "आणि 'कसं वाटलं?' हे तर चुकूनही विचारू नका."

मी हसण्यावारी नेलं. मी तशी सगळ्यालाच घाबरते: थंडीला, कोचाच्या कोपऱ्यांना, बालवाडीतून येणाऱ्या फोनला. त्यात आता एका म्हाताऱ्या प्रोफेसरांची भर कशाला!

हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत आणि फ्राऊ म्हणजे श्रीमती; हेर होल्म मूळचे डेन्मार्कचे. जन्मभर कोपनहेगनच्या एका वर्तमानपत्रात पुस्तकांची परीक्षणं लिहिली, विद्यापीठात शिकवलं, मग बायको हॅम्बर्गची म्हणून तिथे आले. ती गेली, हे राहिले. त्यांच्या एका लेखानंतर डेन्मार्कच्या एका कवीने कविता सोडून मधमाश्या पाळल्या म्हणे. तो अजून दर वर्षी यांना मधाची बाटली पाठवतो. हे उलटटपाली कळवतात, की मध कवितांपेक्षा पुष्कळ बरा आहे, पण गोडवा अजून आवरत नाहीये.

माझी खरी काळजी होती ईप्सिता. पाच वर्षांची. घरी मराठी, बालवाडीत जर्मन, आणि ही दोन्हीकडे गप्प. बालवाडीतल्या बाई म्हणायच्या, "वेळ द्या." पुण्याहून सासूबाई म्हणायच्या, "बदाम द्या." चुकून एखादा शब्द बोललीच, तर आम्ही सगळे एवढ्या जोरात "वाऽऽ!" करायचो, की ती दचकून पुन्हा गप्प.

दिवाळीत मराठी मंडळाची बालकथाकथन स्पर्धा होती. अध्यक्ष दिनकरकाकांना परीक्षक मिळेना. मी बोलून गेले, "आमच्या खाली एक साहित्याचे प्रोफेसर राहतात."

"परदेशी?" काका फोनवरच उभे राहिले असावेत. "आणा, आणा त्यांना! शाल माझ्याकडे आहे."

परीक्षकाने काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, 'निवड करणं फार अवघड गेलं' म्हणायचं आणि सगळ्या मुलांना कंपासपेट्या वाटायच्या. पण हे हेर होल्मना सांगून ठेवायचं कुणालाच सुचलं नाही.

ते शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन पहिल्या रांगेत बसले. माझा नवरा हृषिकेश त्यांच्या कानात जर्मनमध्ये सांगत होता. मल्हारने प्रामाणिक खारीची गोष्ट सांगितली आणि हात जोडून म्हणाला, "तात्पर्य, नेहमी खरे बोलावे." टाळ्या. मग स्पृहाचा वाटून खाणारा हत्ती. पुन्हा तात्पर्य, पुन्हा टाळ्या. हेर होल्मनी नारळ खाली ठेवला.

"हे शेवटचं वाक्य काय असतं?"

हृषिकेशने समजावलं.

"म्हणजे जेवण वाढून झाल्यावर हे पुन्हा येऊन सांगतात, की तुम्ही जेवलात?" त्यांनी विचारलं. मग मल्हारकडे वळून म्हणाले, "आणि ही खार तुझी नाही. ही कंबर दुखणाऱ्या चाळिशीतल्या माणसाची आहे."

मल्हारचे बाबा कंबरेला हात लावून चहा बघायला गेले.

मग ईप्सिता. मी लिहून दिलेली, तोंडपाठ करून घेतलेली गोष्ट ती विसरली. आणि जर्मनमध्ये एवढंच म्हणाली, "एक बदक होतं. ते बुडलं."

सगळ्यांनी "वाऽऽ" साठी तोंड उघडलं, तेवढ्यात हेर होल्म म्हणाले, "बदकं बुडत नाहीत."

"हे बुडलं. त्याला तळाला काय आहे ते बघायचं होतं."

"मग काय होतं तळाला? शेवट अर्धवट आहे."

"नाहीये!" ईप्सिता एवढ्या जोरात ओरडली, की मागचं बाळ रडायला लागलं. मीही रडत होते. दिनकरकाकांचेही डोळे भरले होते, पण ते कंपासपेट्यांकडे बघून, कारण कुणालाच बक्षीस नाही असं परीक्षकांनी लगेच जाहीर करून टाकलं होतं.

त्यानंतर ती रोज खाली जायला लागली. ती गोष्ट सांगायची, ते शेवट कापायचे, ती भांडायची. भांडता भांडता बोलायला लागली. एकदा सासूबाईंनी फोनवर मोठ्या हौसेने गोष्ट रचून सांगितली, तर ही चक्क मराठीत म्हणाली, "आजी, तात्पर्य काप."

"अगंबाई, मराठीत बोलली!" सासूबाईंनी पलीकडे घरभर हाक दिली. मग मला, "पण काय म्हणाली गं ती?"

पुढे हृषिकेशचं काम स्टुटगार्टला आलं, आम्हीही आलो. भांडण दर रविवारी फोनवर चालू राहिलं. मध्यंतरी एका रविवारी हेर होल्म म्हणाले, "आज मी सांगतो. आयुष्यात पहिल्यांदाच लिहिली आहे." गोष्ट छोटी होती. एक बाई बंदरावर चुकीच्या बोटीत चढते. नवरा धक्क्यावर थांबून राहतो. संध्याकाळच्या बोटीने ती परत येते. आणि शेवटी एक वाक्य: जो थांबतो, त्याचं माणूस परत येतं.

"कसं वाटलं?" त्यांनी विचारलं.

मी ओट्याशी होते. फ्राऊ ल्युडर्स आठवल्या, पण फोनपर्यंत पोचेतो उशीर झाला होता.

"फ्राऊ होल्म तर मेल्या ना?" ईप्सिता म्हणाली. "मग परत कशा येतील? आणि तुम्ही तात्पर्य लावलंय. कापा."

पलीकडून "हं." आणि फोन बंद.

तेव्हापासून ते फोन उचलत नाहीत. फ्राऊ ल्युडर्स मायोर्का बेटावर ऊन खात बसल्यात. इमारतीची देखभाल बघणारा हाउसमाइस्टर म्हणतो, "रोज पेपर नेतात, म्हणजे आहेत." नुसते आहेत की नाहीत, एवढंच विचारायचं असतं तर मी त्याला फोन कशाला केला असता? इकडे ईप्सिता रविवारी फोनपाशी बसते, आणि इथल्या बालवाडीतल्या बाई परवा म्हणाल्या, "हल्ली जरा गप्प गप्प असते."

हॅम्बर्गच्या बार्मबेक भागातलं कुणी हे वाचत असेल, तर कालव्याजवळच्या आमच्या जुन्या लाल इमारतीत जाऊन या. दिनकरकाका पत्ता देतील, अजून रागात असले तरी. 'होल्म' लिहिलेली बेल दाबा. चकली न्या, गोड काही नको. रुसले असतील तर सांगा, की बदक तळाला पोचलंय आणि तिथे काय आहे ते ईप्सिता दुसऱ्या कुणाला सांगायला तयार नाही. लिहीत बसले असतील, तर बसू द्या. वाचून दाखवलंच, तर उगीच छान म्हणू नका.

आणि त्या बाई बोटीतून उतरल्या की नाही, तेवढं मला कळवा.