उजळलेला राजा

भाऊजींनी नाण्यांच्या पेटीचं झाकण उघडलं आणि ते मटकन खुर्चीत बसले.

"वहिनी, हे... हे कुणी केलं?"

"मीच की!" ती कौतुकाची वाट बघत म्हणाली. "अख्खी सकाळ दंतमंजनाने घासत होते. कशी लखलखतायत ना?"

भाऊजी म्हणजे नवऱ्याचे नाण्यांच्या नादातले सोबती. खिशात सदा भिंग. आज उसनं नेलेलं पुस्तक परत द्यायला आले होते. एरवी बोलायला लागले की थांबायचं नाव नाही.

"अहो, तो मळ नव्हता. साडेतीनशे वर्षांनी चढवलेला रंग होता तो. एकदा खरवडला की गेला. जाणकार माणूस आता यांच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही."

पदराला पुसूनही तिचे तळवे घामाने ओलेच राहिले.

नवऱ्याने टपाल कचेरीत उभा जन्म पत्रांवर शिक्के मारले. ठसा स्वच्छ उमटला की त्याला जेवल्याचं समाधान. त्यातूनच हा नाद लागला, फ्रान्सच्या एका लुई राजाच्या चांदीच्या नाण्यांचा. दुधाचे दात पडायच्या आत गादीवर बसलेला राजा. एका नाण्यावर कुरळ्या बटांचं पोर, पुढच्यावर मिसरूड फुटलेला, शेवटी केसांच्या टोपात बुडालेला म्हातारा. "एका माणसाचं अख्खं आयुष्य आहे गं या पेटीत," तो म्हणायचा. नाणं धरायचा ते कडेने, दोन बोटांत, तापलेल्या पातेल्यासारखं. तिला मात्र हात लावू द्यायचा नाही. "बोटांचा घाम लागतो," एवढंच सांगायचा. घाम नको म्हणजे स्वच्छ हवीत, असा तिने सरळ अर्थ घेतला होता.

आणि दुसरंही होतं. नाण्याच्या मागच्या बाजूला, तीन फुलं कोरलेल्या ढालीभोवती अक्षरं होती. 'देवाचं नाव धन्य असो,' असं त्यानेच वाचून दाखवलं होतं. रोज देवापुढचा दिवा घासल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे. देवाचं नाव काजळीत? तो मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेला, तेव्हा तिने पेटी उघडली.

आज डोळ्यावरची पट्टी निघून तो घरी येणार होता.

"आता काय करू हो भाऊजी?"

"मला काही विचारू नका. मी आलोच नव्हतो असं समजा." भाऊजी चपला शोधू लागले. दारात मात्र थबकले. "एक आहे. मोतीबिंदू काढला की सगळं जग उजळ दिसतं. त्याला म्हणावं, नवा डोळा आहे, म्हणून चांदी चमकतेय. पटेल त्याला."

ते गेले. ती देवापुढे उभी राहिली, पण मागायचं काय? खोटं पचू दे, असं देवाला सांगायला जीभ रेटेना. चुलीवरचं दूध उतू गेलं. जिन्यात पाऊल वाजलं की ती दाराकडे धावत होती. शेजारीण येऊन गेली, पेपरवाला येऊन गेला. मग लेकीचा आवाज आला, "सावकाश बाबा, पायरी आहे."

"दिसतेय की! तिचा गेलेला टवकासुद्धा दिसतोय!" तो लहान पोरासारखा हसत आत आला. तिच्याकडे बघून थांबला. "अगं, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"तुम्ही बघत नव्हतात तेव्हा," ती म्हणाली. हसू ओठांपर्यंत आलंच नाही.

चहाही न घेता त्याने पेटी मागितली. तिने पेटी आणून त्याच्यापुढे ठेवली. झाकण उघडलं. लेक म्हणाली, "अय्या बाबा, काय चमकतायत!"

त्याने पोरवयाचा राजा दोन बोटांत उचलला, उजेडाकडे नेला, उलटा केला, पुन्हा सुलटा. बराच वेळ.

"डॉक्टर म्हणालेच होते," तो हळूच म्हणाला. "काही दिवस सगळं उजळ दिसेल."

भाऊजींनी सुचवलेली सबब तो आपण होऊनच पुढे करत होता. नुसती मान हलवायची होती.

"डोळ्याचा गुण नाही हो," ती म्हणाली. "मी घासली."

"ठाऊक आहे. राजाच्या बटेत दंतमंजन अडकलंय."

लेक एकदा बाबांकडे, एकदा आईकडे बघत राहिली. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं. तो ओरडला नाही. नखाच्या टोकाने त्याने बटेतली पांढरी पूड अलगद काढली, फुंकर मारली.

"हात पुढे कर."

तिने भीत भीत हात पुढे केला. त्याने नाणं कडेने नाही, पालथं, अख्खं तिच्या तळव्यावर ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून वर मिटवली.

"धर. आता घाम लागला तरी चालेल."

चांदी जड होती, तिच्या अंदाजापेक्षा थंड. मिटलेल्या मुठीत राजाचा कोवळा गाल हळूहळू ऊन होत गेला.