दोन्ही बाजूंनी बांधलेल्या घंटा

मार्लस्टोकचा गुरुवारचा बाजार मयताला थांबत नाही. गावाला या गोष्टीची केवढी ऐट! कुठल्या जमान्यात कुठल्याशा राजाने बाजाराची सनद दिली, तेव्हापासून हा चौक फक्त सिंहासनावरचं माणूस गेलं तरच गप्प होतो. महापौर गेले, गिरणीचे मालक गेले, त्यांच्या शवपेट्या याच चौकातून चर्चकडे गेल्या, आणि मेंढ्यांचा लिलाव एका बोलीपुरताही अडला नाही. मेलेल्याने कडेकडेने जावं, जगणाऱ्याने भाव करावा, असा इथला खाक्या.

म्हणून डॉर्कस पिनकचं दफन गुरुवारी ठरलं तेव्हा तिची भाची हेटी चिडली. पण पाद्रीबाबांना दुसरा दिवस मोकळा नव्हता.

“काका, मावशीला काय मेंढ्यांच्या बें-बेंमधून न्यायचं?”

“सारा जन्म गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात गेला तिचा,” अँब्रोज म्हणाला. “शांततेत उलट तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.”

अँब्रोज पिनक म्हणजे डॉर्कसचा नवरा आणि चर्चच्या मनोऱ्याचा राखणदार. तरुणपणी तो स्वतः घंटा वाजवायचा. खांदा निकामी झाल्यावर दोऱ्या सांधणं, तेलपाणी करणं, पाखरांनी आणलेल्या काटक्या उपसणं ही कामं त्याच्याकडे आली. आणि मयताच्या दिवशी घंटांच्या लोलकांना कातडी गाद्या बांधणं. हे काम मोठ्या मानाचं. तिथल्या घंटा आख्ख्या गरकन फिरतात, एकदा जाताना वाजतात आणि एकदा येताना. साधं माणूस गेलं की लोलकाच्या एकाच बाजूला गादी बांधायची. मग एक टोला खणखणीत पडतो आणि पुढचा दबका येतो, कुणी टेकडीपलीकडून ओ द्यावी तसा. दोन्ही बाजूंना गाद्या बांधायच्या त्या राजासाठी. तेव्हा खणखणीत टोला येतच नाही. अँब्रोजने तसल्या घंटा जुना राजा गेला तेव्हा ऐकल्या होत्या, आणि आठवण निघाली की अजून त्याच्या मानेवरचे केस उभे राहायचे.

डॉर्कस ब्लँकेटच्या गिरणीत रफूवाली होती. मागावरून उतरलेलं ब्लँकेट खिडकीपाशी तिरप्या फळीवर पसरायचं, त्यावरून तळहात फिरवायचा आणि तुटलेला धागा, चुकलेली वीण हुडकून असं भरून काढायचं की नंतर तिचं तिलासुद्धा सापडू नये. आयुष्यभर खोट काढायची सवय लागलेली बाई ती. तिला पाद्रीबाबांच्या प्रवचनात खोट दिसायची, शेजारणीच्या केकमध्ये दिसायची, नवऱ्यात तर उठताबसता दिसायची. “तुझ्या कोटाचं बटण, अँब्रोज,” हे तिचं ‘सुप्रभात’ होतं. गावात मूल जन्मलं की गिरणीकडून एक छोटं पांढरं ब्लँकेट जायचं, आणि त्याची काठपट्टी डॉर्कसच शिवायची. दुसरीने शिवलेली तिला पसंत पडायची नाही.

दफनाच्या सकाळी घंटावाल्यांचा म्होरक्या ऑरिन टॅप दाराशी आला. “आज तू राहू दे, दोस्ता. गाद्या मी बांधतो.”

“माझ्या बायकोच्या घंटा मीच बांधणार,” अँब्रोज म्हणाला. “तू तुझी दोरी ओढ. आणि मागच्या खेपेसारखी उशिरा ओढू नकोस.”

स्वयंपाकघरातल्या खुंटीवरून गाद्यांची पिशवी काढून तो मनोरा चढला. गाद्या मागच्या हिवाळ्यात डॉर्कसनेच नव्या शिवल्या होत्या, बाहेरून कातडं आणि आतून ब्लँकेटचे तुकडे. वर वारा झोंबत होता. एकेक गादी हातात यायची, बोटांना तिचा टाका लागायचा, मग तो बंद आवळायचा. डोळे भरून आल्यामुळे धड दिसत नव्हतं. पण हातांना सगळं पाठ होतं. पिशवी रिकामी होईपर्यंत तो बांधत राहिला, मग खाली उतरला, तोंड धुतलं आणि काळा कोट चढवला. बटण तुटलेलंच होतं.

दुपारी शवपेटी निघाली. चाकांच्या गाड्यावर पेटी, पेटीवर गिरणीच्या रिवाजाप्रमाणे निळ्या काठाचं नवं कोरं ब्लँकेट. गाडा ओढायला गिरणीतली चार माणसं, मागे अँब्रोज आणि हेटी, त्यांच्यामागे रफूवाल्या बायका. चौकात बाजार नुसता उतू जात होता. मेंढ्या ओरडत होत्या, चीजवाला त्यांच्यावर ताण करत होता, धान्यबाजाराच्या पायऱ्यांवर शेतकरी ओंजळीत बार्ली घेऊन नाक मुरडत होते. लिलाववाला गिल्बर्ट लारकम लाकडी खोक्यावर उभा राहून घसा फोडत होता, “अहो, मेंढी बघा मेंढी! माझ्या सासूपेक्षा गरीब आहे बिचारी!”

आणि मनोऱ्यावरून पहिला टोला पडला. दबका.

अँब्रोज खणखणीत टोल्याची वाट बघत चालत राहिला. दुसरा टोला आला. तोही दबका. मग सगळ्या घंटा एकामागून एक उतरत्या सुरात वाजल्या आणि एकीतूनही खणखणीत आवाज निघाला नाही. आकाशच छातीत आवाज दाबून हुंदके देत होतं.

अँब्रोजने वर मनोऱ्याकडे पाहिलं. पिशवी रिकामी झाली होती. पण चढताना ती नेहमीपेक्षा जड लागली होती, हे त्याला आत्ता आठवलं.

त्या शरदात राजा आजारी होता. रेडिओपुढे बसून लोक रोज बातमीची वाट बघत होते, त्यामुळे कुणाला काही सांगावंच लागलं नाही. आधी धान्यबाजाराच्या पायरीवरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. “गेला,” एवढंच तो म्हणाला. त्याच्या शेजाऱ्याने काढली, मग त्याच्या. चीजवाल्याचा आवाज अर्ध्या शब्दावर तुटला. लारकमचा हातोडा वर गेला तो वरच राहिला, मग त्याने तो हळूच खाली घेतला आणि खोक्यावरून उतरला. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्या बायका काठ्या टेकत दारात येऊन उभ्या राहिल्या. मोठ्या शाळेची पोरं दंगा करत येत होती, ती कोपऱ्यावर आली आणि थिजली.

मग गिरणी थांबली. अँब्रोजला आठवतं तेव्हापासून दिवसाउजेडी कधी न थांबलेला तो खडखडाट विरत विरत बंद पडला, आणि गुरुवारच्या भर बाजारात नदीचा आवाज ऐकू आला. पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचा. लोक एकमेकांकडे बघायला लागले, कारण तो आवाज इथवर येतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मेंढ्यासुद्धा गप्प झाल्या.

एवढं मोठं काही अँब्रोजने कधी पाहिलं नव्हतं. आख्खं गाव बोडक्या डोक्याने उभं, वरून त्या घंटा उतरताहेत, आणि मधून वाट काढत चाललाय डॉर्कसचा गाडा. त्याला भीती वाटली, लाज वाटली, आणि खोटं कशाला सांगा, आनंदही झाला. त्याच्या डॉर्कससाठी गिरणी थांबली होती! चुकून का होईना, थांबली होती.

त्याचा चेहरा पाहून हेटीने ओळखलं. तिने त्याचा दंड घट्ट धरला. “काका, दोन्हीकडे बांधल्यात ना?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

“मग गप्प राहा. चर्चपर्यंत चला नुसतं. मावशीला एवढं तरी मिळू दे. कळल्यावर बघू.”

बरोबर होतं तिचं. बोललं तर बाजारात हशा पिकणार. ‘राजा होऊन पुरली गेली ती बाई’ असं डॉर्कसचं नाव पिढ्यान् पिढ्या निघणार, आणि मनोऱ्याची किल्ली काढून घेणार. न बोललं तर चौक ओलांडायला कितीसा वेळ लागतो? तो पाचसहा पावलं चाललाही. मग चीजच्या गाड्यापाशी एक बाई रडताना दिसली. तिचा मुलगा राजाच्या पलटणीत होता. ती राजासाठी खरंखुरं रडत होती.

चुकलेली वीण दिसल्यावर डॉर्कसने ब्लँकेट पुढे सरकवलं असतं? मेली असती तरी नाही.

“थांबवा गाडा,” अँब्रोज म्हणाला.

बाजाराचा नाईक सेप्टिमस क्राउच चौकाच्या मधोमध जुन्या क्रूसापाशी उभा होता. लांब कोट, छातीवर बिल्ला, हातात घंटी. त्या घंटीने बाजार उघडतो आणि त्याच घंटीने मिटतो. नियमाच्या बाबतीत हा माणूस सख्ख्या भावालाही सोडत नसे. अँब्रोज त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“क्राउचसाहेब, राजा गेला नाही. निदान मला तरी तसं माहीत नाही.”

“काय?”

“चूक माझी आहे. गाद्या मी दोन्हीकडे बांधल्या.” त्या शांततेत त्याचा आवाज पार धान्यबाजारापर्यंत गेला. “ही माझी डॉर्कस आहे. रफूवाली.”

लोकांत कुजबूज उठली. लारकम पुढे आला. “अरे म्हाताऱ्या, उभा जन्म गेला तुझा त्या मनोऱ्यात! एक बाजू न् दोन बाजू तुला कळेना?”

“पिशवीत सगळ्याच गाद्या असतात,” अँब्रोज म्हणाला. “मी वर जायला निघालो की ती निम्म्या काढून घ्यायची आणि फळीवर ठेवायची. म्हणायची, तुझा भरवसा नाही. मी पिशवी संपेपर्यंत बांधायचो, बस्स. मला कधी मोजावंच लागलं नाही.” त्याने गाड्याकडे पाहिलं. “आज निम्म्या कुणी काढल्याच नाहीत.”

लारकमची टोपी डोक्याकडे निघाली होती, ती छातीपाशीच थांबली.

वर घंटा चालूच होत्या. दोन्ही टोले दबके ऐकून ऑरिन टॅपची माणसंही मनोऱ्याच्या तळाशी राजासाठीच दोऱ्या ओढत होती. सगळ्यांचे डोळे क्राउचच्या हाताकडे लागले. घंटी वाजली की बाजार सुरू. क्राउचने घंटी उचलली आणि खांद्यापर्यंत नेली.

“सनदेत लिहिलंय,” तो खाकरून म्हणाला, “बाजार मयताला थांबत नाही. बरोबर आहे. तो थांबायला नको होता.”

“होय साहेब,” अँब्रोज म्हणाला.

“पण थांबलाय. आणि थांबलेला बाजार माझ्या घंटीशिवाय सुरू होत नाही. तेही सनदेतच आहे.” क्राउचने दुसरा हात घंटीच्या आत घातला आणि लोलक मुठीत धरला. मग गाड्यावरच्या ब्लँकेटच्या काठाकडे बघत, फक्त अँब्रोजला ऐकू जाईल इतक्या हळू तो बोलला. “आमच्या रूथचं ब्लँकेट तिनंच शिवलेलं. त्यातच ठेवली आम्ही तिला.”

रूथ क्राउच दोन दिवसही जगली नव्हती. गावात तिचं नाव कुणी काढत नसे.

लोलक तसाच मुठीत धरून क्राउच वळला आणि गाड्याच्या पुढे चालू लागला, महापौरांच्या पुढेसुद्धा तो कधी चालला नव्हता तसा, सावकाश, मान ताठ ठेवून. एकानेही टोपी घातली नाही. पलटणीतल्या मुलाची आई डोळे पुसून रफूवाल्या बायकांच्या मागे येऊन चालू लागली. लारकमने पुढे होऊन गाड्याचा दांडा धरला. गिरणीच्या फाटकात माणसं दाटीवाटीने उभी होती. त्यांना एव्हाना खरं कळलं होतं, तरी माग चालू करायला आत कुणीच गेलं नाही. दबक्या घंटांखालून, नदीच्या आवाजातून डॉर्कस पिनक चौक ओलांडून गेली. अँब्रोज मागून चालत होता आणि त्याला बाजूला बघवत नव्हतं. एवढं सगळं गाव! हे सगळं गाव तिच्या हाताखालून गेलं होतं, आणि ते त्याला आज दिसत होतं.

किल्ली कुणी मागितली नाही. हॅम आणि चहा आटोपून पाहुणे गेल्यावर तो मनोरा चढला, गाद्या सोडल्या आणि पिशवी घरी आणली. स्वयंपाकघराच्या टेबलावर ती उलटी केली. एक गादी डावीकडे, एक उजवीकडे, अशी वाटणी करत तो बसला. मग उठून निम्म्या गाद्या त्याने फळीवर ठेवल्या, तिच्या सुयांच्या डब्याशेजारी, आणि पुढच्या मयताची पिशवी खुंटीला टांगली.

डबा मात्र त्याने खाली घेतला. सुईत दोरा ओवायला फार वेळ लागला. पण कोटाचं बटण त्याने त्याच दिवशी लावलं.