फॉर्मवर खोटं लिहायचं नाही

मारयुतने पाठवलेला खोका आला तेव्हा माझे हात पावाच्या पिठात होते. हात पुसून उघडला आणि माझं डोकंच फिरलं. आत प्लास्टिकच्या चार नळ्या, एक कागदी पेला आणि माहितीपत्रक. सकाळची लघवी नळ्यांत भरायची, गोठवायची, पोस्टाने पाठवायची. मग प्रयोगशाळा सांगणार, माणसाच्या डोक्यात सेरोटोनिन किती, डोपामिन किती आणि त्यांचा तोल कुठे बिघडलाय.

"तुझ्या बापाच्या डोक्यात काय चाललंय ते मुतात सापडणार होय गं?" मी लेकीला फोनवर विचारलं.

"आई, बाबा डॉक्टरकडे जात नाहीत ना? मग निदान हे तरी." मारयुत औलूला असते, चार तासांवर. काळजी वाटली की ती काहीतरी मागवते.

काळजी मलाही होतीच की. ऑगस्टपासून माझा नवरा आह्ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. तसा तो कधीच बडबड्या नव्हता. पस्तीस वर्षं आमच्या कुह्मो गावच्या रस्त्यांवरचा बर्फ त्याने एकट्याने गाडी चालवत काढलाय. पण आताचं गप्प बसणं वेगळं होतं. तळ्यातून काढलेली जाळी ओलीच ढिगात पडून कुजली. शनिवारी सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायचं काम त्याचं, ते मी करायला लागले. जेवायला बसला की नुसता बशीकडे बघत राहायचा. आरोग्य केंद्रात चल म्हटलं की एकच उत्तर, "माझं काही दुखत नाही." मी शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना वाढलंय, माझा आवाज काही लहान नाही. पण भिंतीशी भांडून घसा बसतो, दुसरं काही होत नाही.

खोका मी त्याच्यापुढे आपटला.

"कुणाशी बोलावं लागतं का?" त्याने विचारलं.

"नाही. फक्त मुतायचं."

"मग चालेल."

आधीचे दोन दिवस केळी, चीज, चॉकलेट, अक्रोड बंद आणि कॉफीही बंद. आमच्या घरात कॉफी बंद म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. त्याला सोबत म्हणून मीही सोडली. म्हणजे सोडली असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडाच्या शेडमध्ये उभं राहून थर्मासमधली अर्धी संपवली आणि घरात आले.

"वास येतोय," आह्ती म्हणाला.

"कसला?"

"सोबतीचा."

तीन महिन्यांत तो पहिल्यांदा असं काही बोलला. मी चोर म्हणून पकडली गेले होते, आणि मला इतका आनंद झाला की सिंककडे तोंड करून उगाच भांडी विसळत बसले.

त्याच दिवशी दुपारी तीनला, अंधारायला लागलं तसा दिवा लावून आम्ही फॉर्म भरायला बसलो. नळ्यांबरोबर चार पानी फॉर्म होता. अक्षरं मुंगीएवढी, म्हणून मी वाचायचं आणि त्याने सांगायचं असं ठरलं. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, रोज.

आता आह्तीची एक गोष्ट सांगते. हा माणूस बायकोला तीन महिने "बरा आहे" सांगेल, पण फॉर्मवर खोटं लिहिणार नाही. नोकरीत रोज किती किलोमीटर बर्फ काढला ते लिहावं लागे, आणि एकदा तीन किलोमीटर चुकून जास्त लिहिले म्हणून तो सुट्टीच्या दिवशी ऑफिसात जाऊन खोडून आला होता. हे मला माहीत होतं. पण याचा उपयोग होईल हे माझ्या टाळक्यात कधी आलं नव्हतं.

"झोप मध्येच मोडते?"

"रोज."

"पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नाही?"

"रोज."

मी खुणा करत गेले. तिसऱ्या पानावर एक प्रश्न होता, तो मी एका दमात वाचून टाकला. "आपण नसतो तर बरं झालं असतं, असं मनात येतं?"

आह्तीने खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, कधीच नाही.

"बऱ्याचदा," तो म्हणाला. "तसंच लिही."

मी लिहिलं. खूण चौकोनाबाहेर गेली. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी इतकी कधी घाबरले नव्हते.

"कधीपासून, आह्ती?"

"ते फॉर्मवर नाहीये."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्याच्या अंगावर खेकसले असते. त्या दिवशी मी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर मी माझ्या गिचमिड अक्षरात लिहिलं, 'कधीपासून', आणि पुढे चार चौकोन काढले: हिवाळा, वसंत, उन्हाळा, शरद. कागद आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने पेन उचललं. मग त्याने उन्हाळ्यावर खूण केली, अगदी चौकोनाच्या मधोमध.

मी पुढचा लिहिला. 'हिल्कामुळे?' म्हणजे माझ्यामुळे का. हो, नाही, थोडंसं. त्याने नाहीवर खूण केली आणि ती दोनदा गिरवली. तेव्हा मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. रडत रडतच पुढचा प्रश्न लिहिला, 'शिकारीच्या बंदुकीच्या कपाटाची किल्ली शेजारी राउहाकडे ठेवू का?' तो उठला, किल्ली आणून टेबलावर ठेवली आणि मग बसून हो वर खूण केली. आधी काम आणि मग नोंद, हीच त्याची पद्धत.

शेवटचा प्रश्न होता, 'उद्या सकाळी हिल्काबरोबर आरोग्य केंद्रात येणार?' मी फक्त एकच चौकोन काढला होता, हो चा.

"हे बरोबर नाही," आह्ती म्हणाला. "नाही चा चौकोन पाहिजे."

मी काढला. त्याने हो वर खूण केली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी नळ्यांबद्दल ऐकलं आणि हसल्या नाहीत, हे मला आवडलं. "लघवीत सापडतं ते सेरोटोनिन बहुतेक शरीराच्या इतर भागांतलं असतं," त्या म्हणाल्या. "मेंदूत काय चाललंय ते त्यावरून कळत नाही. आम्हाला माणसालाच विचारावं लागतं." मग त्यांनी आह्तीला विचारलं. तो माझ्याकडे बघायला लागला तेव्हा मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला, उलटा. त्यांनी सगळ्या खुणा सावकाश वाचल्या. गोळ्या सुरू झाल्या, आणि दर मंगळवारी नर्सकडे तासभर बसणं. पहिले दोन मंगळवार तो तिच्याशी हवामानावर बोलला म्हणे.

नळ्या मारयुतच्या समाधानासाठी पाठवल्या होत्या; गोळ्यांचं तिला अजून सांगितलं नव्हतं. जानेवारीच्या मध्यावर तिचा फोन आला तेव्हा ती नुसती उड्या मारत होती. निकाल तिच्याकडे आला होता. सगळ्या पट्ट्या हिरव्या. सेरोटोनिन छान, डोपामिन छान, तोल उत्तम.

"आई, बाबा अगदी ठीक आहेत. आपण उगाच घाबरलो."

आम्ही नुसते या कागदाची वाट बघत बसलो असतो तर? तिला कसं सांगावं ते मला सुचेना. आह्ती जाळी विणत बसला होता. त्याने सुई बाजूला ठेवली, उठून आला आणि माझ्या हातातून फोन घेतला. आमच्या घरात फोन नेहमी मी घेते.

"मारयुत," तो म्हणाला, "ते चूक आहे. मी ठीक नव्हतो. मला जगायचं नव्हतं."

आह्तीने फोन कानाला घट्ट धरला.

"आता जगायचंय," तो म्हणाला. "रोज नाही. पण बऱ्याचदा."