रिकाम्या डब्याचा वास

कल्पना करा बाळांनो, तुमच्यासमोर पेट्रोलचे दोन पत्र्याचे डबे आहेत. एक काठोकाठ भरलेला, एक रिकामा. भीती कशाची जास्त? भरलेल्याची, असंच म्हणाल. डबे दुरुस्त करणाऱ्या आजोबांची नात मात्र रिकाम्याकडे बोट दाखवायची. पेट्रोल ओतून टाकलं तरी त्याची वाफ आत दबा धरून बसते आणि धग लागली की डबा फुटतो, हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं.

एकदा एका नावाड्याचा पेट्रोलचा डबा आला. तळाचा सांधा गळत होता. आजोबांनी तो साबणाच्या गरम पाण्याने तीनदा खळखळवला, दोन दिवस उघडा ठेवला. मग डब्याचं तोंड नाकाशी धरून त्यांनी लांब श्वास घेतला.

"स्वच्छ," ते म्हणाले आणि कथील वितळवून सांध्याला डाख द्यायला शेगडी पेटवावी म्हणून त्यांनी काडेपेटीतून काडी काढली.

"उरका काका," दारातून नावाडी म्हणाला. "डब्याच्या तीन आंघोळी झाल्या, माझी नाव अजून कोरडीच."

नातीने डबा धरायला उचलला. गंजलेल्या सांध्यातून पेट्रोलचा वास येत होता. सकाळी दूध करपलं, तेव्हा आजोबा चुलीशेजारीच बसले होते, तरी त्यांना कळलं नव्हतं. आता तिला उमगलं: महिन्यापूर्वीच्या तापाने त्यांना वास येणंच बंद झालं होतं, आणि ते कुणाला बोलले नव्हते. साऱ्या गल्लीचा भरवसा त्याच नाकावर होता. गिऱ्हाइकासमोर हे कसं बोलायचं?

"आजोबा, वास येतोय."

"नाही येत."

"येतोय."

नावाडी हसला. "नात नाकानं कांदे सोलायला लागली, काका."

आजोबा हसले नाहीत. काडी त्यांच्या चिमटीत तशीच राहिली. 

"किती येतोय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुष्कळ."

त्यांनी मान खाली घातली. "मला कशाचाच येत नाही आता," ते नावाड्याला म्हणाले. "आणि नुसत्या नाकावर जायचंच नव्हतं. डबा पुन्हा धुवायचा. मग वास येवो न येवो, पाणी भरून आतली वाफ हाकलल्याशिवाय डाख नाही."

नावाड्याचं हसू मावळलं.

नातीने आजोबांच्या चिमटीतली काडी काढून घेतली, काडेपेटी उचलून नावाड्याच्या हातात ठेवली आणि त्याला रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहायला सांगितलं. मग डबा दोन्ही हातांनी उचलून ती बाहेर नळाकडे निघाली.