कानपिळीचा मान

घरच्यांनी हाकललं तेव्हा वासुदेवरावांनी मला त्यांच्या खडी गंमतीच्या पार्टीत घेतलं. गावोगाव उभ्यानं गाणी, सवाल-जवाब, आणि लुगडं नेसून बाई म्हणून नाचायला आदेश, म्हणजे मी. केस माझे स्वतःचे, कमरेपर्यंत. वासुदेवरावांची बायको नलूमावशी माझ्या केसांना तेल लावताना म्हणायची, "माह्या दोन लेकी. तू थोरली, वर्षाली धाकटी." वर्षालीही मला ताईच म्हणायची. मला आणखी काही नको होतं.

वर्षालीचं लग्न ठरलं. धाकटीच्या लग्नात मिरवायला मी साडीसुद्धा काढून ठेवली होती. मावशीनं मला जवळ बसवलं.

"वर्षालीले भाऊ नाई," ती म्हणाली. "नवरदेवाचा कान पिळाले भाऊ लागते. तो मान तुले देतो आमी. फक्त केस कापून, पँट-शर्ट घालून येजो. पाहुण्यायले काय सांगू मी?"

भाऊ व्हायची मला काडीची हौस नव्हती. पण मांडवात घरचं म्हणून उभं राहायचं तर ताईपण सोडावं लागणार, हे कळत होतं. आर्वीत न्हाव्यापुढं जाऊन बसलो. "खरंच कापू?" त्यानं दोनदा विचारलं. मी रडत रडत हो म्हटलं.

लग्नात भटजींनी नवरीच्या भावाला हाक मारली. मी पुढं झालो, तोवर मला बाजूला सारून मावशीचा भाचा मुकेश पोचला. त्यानं कान पिळला, कानपिळीचे कपडे घेतले, फोटोही काढून घेतले. नवरदेवाच्या आईनं माझ्याकडं बघून विचारलं, "हे कोण?"

"पार्टीतला हाय," मावशी म्हणाली. "वाढाले आला."

वर्षालीनं ऐकलं. नवरीनं मान खालीच घालायची असते, म्हणून तिचं फावलं. माझं मात्र तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. इतका राग मला सख्ख्या बापाचाही आला नव्हता. त्यानं निदान तोंडावर हाकललं होतं.

मी चपला घालत होतो तर वासुदेवराव मागून आले.

"काऊन न जेवता चालला बे? मुकेशच्या बापानं हट्टच धरला, आमी काय करू? बरं, जाम गावचा कार्यक्रम पक्का झाला. केसायची फिकीर नको करू. तुह्यासाठी टोप आणतो."

"तो मुकेशले घाला," मी म्हटलं. "घरचा पोरगा हाय."